चौदा फुटांचा प्रश्न

मराठवाड्यात सप्टेंबर संपत आला आणि सोयाबीनची पानं गळायला लागली की गावात दोनच विषय उरतात: परतीचा पाऊस येणार का, आणि हार्वेस्टर कोणतं चांगलं. पहिल्या विषयात माणसं शेवटी नम्र होतात. वर बघतात, उसासा टाकतात आणि ताडपत्री शोधायला लागतात. दुसऱ्या विषयात कुणी नम्र होत नाही. ज्याच्या नावावर दीड एकर आहे आणि त्यातलंही पाऊण एकर ओढ्यानं नेलंय, तो पारावर मांडी ठोकून सांगतो, "मी असतो तर डोळे झाकून जॉन डिअर उचललं असतं." त्याला कुणी हसत नाही. उलट शेजारचा उसळून म्हणतो, "हट्! करतार घे, करतार!" या दुसऱ्याकडची सायकलसुद्धा मेव्हण्याची असते.

२०१५-१६च्या कृषी गणनेनुसार महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याकडे सरासरी १.३४ हेक्टर जमीन आहे, म्हणजे सव्वातीन एकर. नेहमीच्या कंबाइन हार्वेस्टरचा कटर बार १४ फुटांचा, किंमत पंचवीस लाखांच्या आगेमागे. सव्वातीन एकर सोयाबीन ते सकाळचा चहा आणि न्याहारी यांच्या मधल्या वेळात संपवतं. मग वर्षाचे उरलेले तीनशे चौसष्ट दिवस त्याला कुठं उभं करायचं, हे कुठल्याच कंपनीच्या माहितीपत्रकात दिलेलं नाही. तरी ब्रँडवरून भांडायला कुणाची ना नसते, कारण भांडायला जमीन लागत नाही.

आमच्या घरात हा विषय पारावरून ओसरीत आला तो मजुरांपायी. सोयाबीन काढायचं गुत्तं दिवाळीच्या तोंडावर रोज नव्या दरानं फुटतं. त्या दराला हो म्हणेपर्यंत मजूर शेजारच्या शिवारात गेलेले असतात. मिळालेच तर कापायचं, गोळा करायचं, ढीग रचून बनीम लावायची, तिच्यावर ताडपत्री घालायची आणि मग हडंबेवाल्याच्या, म्हणजे मळणी यंत्रवाल्याच्या, मागं फिरायचं. हडंबेवाल्याला 'उद्या' या एका शब्दावर सबंध हंगाम काढता येतो. मधेच एका रात्री पाऊस बनिमीत शिरला आणि सकाळी ताडपत्री उचलली तर आत सोयाबीनला मोड आलेले. मोड आलेलं कडधान्य पौष्टिक असतं, पण लातूरच्या आडत बाजारात तसं कुणी मानत नाही.

तेव्हा आबा, म्हणजे आमचे थोरले चुलते, म्हणाले, "बास झालं. आपलंच हार्वेस्टर घिऊ. आपलं रान झालं की भाड्यानं फिरवू."

'भाड्यानं फिरवू' हे आबा इतक्या सहज म्हणाले की ते चौघा भावांचं सामाईक रान सोडून गोंदियाच्या धानापर्यंत जाऊन आले असं वाटलं. मला पुण्याहून बोलावणं आलं. कारण एवढंच की मला इंग्रजी वाचता येतं आणि माहितीपत्रकं इंग्रजीत होती. शेतीतलं मला काय कळतं, हा मुद्दा कुणी काढला नाही. काढला असता तर ओसरीत एकही माणूस उरला नसता.

माहितीपत्रकं घोंगडीवर मांडली. नाभ्याचं प्रीत ९८७, त्याच्या शेजारच्या भादसोंचं करतार ४०००, मलेरकोटल्याचं दशमेश ९१००, शिवाय मलकीत ९९७ आणि स्वराज ८१००. आबांनी विचारलं, "हे आकडे कशाचे?"

"मॉडेलचे."

"मग दशमेशच भारी असणार. नऊ हजार शंभर!"

"तसं नसतंय, दाजी," मामा म्हणाले. "मलकीतला हजारातले नऊशे सत्त्याण्णव हायेत. प्रीतपेक्षा दहानं म्होरं."

मामा हे आबांचे मेव्हणे. आमच्या घरात कोणतीही मोठी खरेदी निघाली की ते बोलावल्याशिवाय येतात आणि ठरल्याशिवाय जात नाहीत. गावातले गुरुजीही ओसरीत होते; निवृत्त झाल्यापासून ते गुणांच्या बाबतीत उदार झाले आहेत. ते म्हणाले, "तीन मार्क हस्ताक्षराचे गेले असतील."

मग परदेशी मंडळी आली. क्लास ही १९१३ साली सुरू झालेली जर्मन कंपनी. तिच्या क्रॉप टायगरचा एक प्रकार चाकांऐवजी रणगाड्यासारख्या पट्ट्यावर चालतो. भाताच्या चिखलात चाक रुततं, पट्टा तरंगतो; म्हणून भंडारा-गोंदियाकडे पट्ट्याच्या यंत्रांना मान. आमच्या काळ्या रानातही परतीचा पाऊस झाला की चाकाचं यंत्र बसतं आणि त्याला काढायला आणलेला ट्रॅक्टर त्याच्या शेजारी बसतो. आबांना पट्टा आवडला. पण हा पट्टा डांबरी रस्त्यावरून गावोगाव पळवायचा नसतो, त्याला ट्रकवर घालून न्यावं लागतं, हे कळल्यावर त्यांचं 'भाड्यानं फिरवू' जरा अडखळलं.

न्यू हॉलंडचं पिवळंधमक टीसी ५.३० निघालं. नावातच टिंब बघून आबांनी ते बाजूला ठेवलं. "ज्याच्या नावात अपूर्णांक, त्याच्या हिशेबात काय असंल?" या तर्काला जगातल्या कुठल्याही अभियंत्याकडे उत्तर नाही. जॉन डिअरचं डब्ल्यू ७० आलं, हिरवं-पिवळं, देखणं. काकू चहा घेऊन आल्या होत्या. त्यांनी कागदावरचं उडी मारणारं हरीण बघितलं आणि कप खाली ठेवत म्हणाल्या, "रानातली हरणं हाकलून हाकलून पोरांचे घसे बसले, आन् आता पंचवीस लाख देऊन आणखी एक आणा."

मी आपला इंजिनाचा रकाना वाचत होतो. पंजाबी यंत्रांच्या बाबतीत तो वाचायला फार वेळ लागत नाही, कारण ब्रँड बदलत जातो आणि त्या रकान्यात पुन्हा पुन्हा अशोक लेलँड येतं. बाहेरचा पत्रा नाभ्याचा असो की मलेरकोटल्याचा, पोटात पुष्कळदा चेन्नईचा लेलँड. मी हे मोठ्यानं सांगितलं तेव्हा ओसरीत शांतता पसरली. पारावर ज्या दोन पंजाबी ब्रँडांवरून दोन घरांचं बोलणं बंद होतं, त्यांचं हृदय एकाच कारखान्यातून आलेलं होतं.

"लेलँड म्हंजे आपल्या एष्टीचं?" आबांनी विचारलं.

"हो, एसटीच्या पुष्कळ गाड्या लेलँडच्या असतात."

"मग काय काळजी न्हाई," असं म्हणून आबांनी पान लावलं. "देह निराळे, आत्मा एकच," गुरुजी म्हणाले. मामांना मात्र हा अद्वैतवाद पटला नाही. आत्मा एक असेल तर मतं कशावर द्यायची, ही त्यांची अडचण होती.

खरं सांगायचं तर आत्म्याच्या पलीकडेही साम्य पुष्कळ आहे. पुढचं रीळ पीक आत लोटतं, कटर बार कापतो, ऑगर ते मधोमध गोळा करतो, साखळी वर नेते, ड्रम आणि त्याच्या खालची जाळी मळणी करतात, पंखा आणि चाळण्या उपणतात, दाणा टाकीत आणि भुसकट मागं. कापणी, मळणी, उपणणी एका दमात. ही कल्पना पंजाबची नाही आणि जर्मनीचीही नाही. अमेरिकेत मिशिगनमध्ये हायरम मूर नावाच्या माणसानं १८३६ साली अशा यंत्राचं पेटंट घेतलं होतं. ते ओढायला घोड्यांची फौज लागायची. त्या काळीही कुणी ना कुणी कुंपणावर बसून 'घोडे चुकीच्या जातीचे घेतले' म्हणालं असेल, याविषयी माझ्या मनात शंका नाही.

फरक पडतो तो आवळण्यात. सोयाबीनचा दाणा नाजूक, गव्हासारखा मार सोसत नाही. ड्रमचा वेग उतरवला नाही आणि जाळीचं अंतर वाढवलं नाही, तर टाकीत सोयाबीन न पडता सोयाबीनची डाळ पडते. गव्हावरून थेट सोयाबीनमध्ये घुसलेलं महागडं यंत्रही डाळच करतं आणि नीट लावलेलं जुनं खटारा यंत्र अख्खा दाणा देतं. शिवाय सोयाबीनच्या शेंगा बुडापासून लागतात, म्हणून कटर बार जमिनीला घासत न्यावा लागतो. जरा वर धरला तर खालच्या शेंगा धाटाला तशाच, आणि जरा खाली धरला तर दगड आत. हरभऱ्याच्या बाबतीत राहुरीच्या विद्यापीठानं वेगळीच वाट काढली. यंत्राला वाकता येत नाही म्हणून त्यांनी हरभराच उंच वाढवला. 'फुले विक्रम' हा वाण यंत्रानं काढता यावा म्हणून उंच आहे. माणसाला मान न देणारं पीक यंत्रासाठी उठून उभं राहिलं, हे आबांना फार लागलं.

यंत्राची परीक्षा सरकारही घेतं. मध्य प्रदेशात बुदनीला केंद्राची कृषी यंत्रांची चाचणी संस्था आहे. तिथले अहवाल वाचण्यासारखे असतात: शक्ती किती, तेल किती खातं, दाणा किती फुटतो, किती मागं पडतो. मी आबांना त्यातलं एक पान समजावून सांगितलं. ते सगळं शांतपणे ऐकून घेऊन म्हणाले, "यात बेल्ट कुठं मिळतो ते लिव्हलंय का?" लिहिलेलं नव्हतं.

आमच्या गावाची चाचणी संस्था निराळी आहे. हार्वेस्टर रानातून निघालं की मागं सरवा वेचायला बाया येतात. पाटी-दोन पाट्या सोयाबीन एका दुपारी निघतं. कोणतं यंत्र किती सांडतं याची खरी माहिती फक्त यांच्याकडे असते आणि ती अनेक हंगामांची असते. मी मोठ्या आशेनं त्यांना विचारायला गेलो. अडचण एवढीच की त्यांची क्रमवारी आपल्या उलट असते. "मागच्या साली आलेलं लई गुणाचं हुतं," एक आजी म्हणाल्या. "इकडं शेंगा, तिकडं दाणं. भरल्या हातानं गेलं." आणि चांगल्या यंत्राचं नाव काढताच त्यांनी तोंड वाकडं केलं. "त्ये? कंजूष मेलं. चिमणीला सुदीक न्हाई ठिवलं." बुदनीच्या अहवालात जे गुण ते इथं अवगुण. शेवटी निघताना त्यांनी एक गोष्ट मात्र फुकट सांगितली: "मशीनचं काय न्हाई बाबा. डायवर घाईत असला की सांडतंय."

काकूंची हरकत मूलभूत होती. हडंब्यावर मळलं की गुळीचा ढीग एका जागी पडतो आणि तो उचलून जनावरांपुढं घालता येतो. हार्वेस्टर ती गुळी रानभर उधळून मोकळं होतं. "म्हशीला काय त्यो रंगीत कागुद घालू?" असं त्यांनी माहितीपत्रकांकडे बोट करून विचारलं. कंपन्यांच्या विक्री प्रतिनिधींना शेतकऱ्याच्या शंकांची उत्तरं पाठ असतात, शेतकऱ्याच्या बायकोच्या नसतात. आमच्याकडे आलेल्या प्रतिनिधीनं घाईघाईत वातानुकूलित केबिनचा विषय काढला. धूळ नाही, ऊन नाही, आत गाणी. काकू म्हणाल्या, "मग त्यातच म्हस बांधू."

मग धुऱ्याचा प्रश्न. हार्वेस्टर गावात येणं सोपं. रस्त्यानं येताना कटर बार काढून ट्रॉलीवर मागं ओढतात, त्यामुळे तेव्हा ते अंग चोरून येतं. पण आमच्या रानापर्यंत पोचायला भावकीचा धुरा ओलांडावा लागतो. तो धुरा गेल्या दोन पिढ्यांत दोन्ही बाजूंनी नांगरून नांगरून इतका बारीक झालाय की त्यावरून आता बकरीसुद्धा विचार करून जाते. बैलगाडीवाट होती ती नकाशावर आहे. तहसीलमध्ये अर्ज आहे. तारखा चालू आहेत. भावकी म्हणाली, "तुमचं मशीन जाऊ देऊ, पर आधी आमचं काढायचं. भाव घरचा." घरचा भाव म्हणजे दिवाळीनंतर बघू, हे आबांना ठाऊक आहे, कारण मागच्या कित्येक वर्षांपासून ते स्वतः हडंबेवाल्याला हाच भाव देत आलेत.

अनुदानाचं मी थोडक्यात सांगतो, कारण ते थोडक्यात सांगता येत नाही. महाडीबीटीच्या संकेतस्थळावर अर्ज करायचा, निवड यादीत नाव यायची वाट बघायची, नाव आलं की कागद चढवायचे, पूर्वसंमती मिळाली की मगच यंत्र घ्यायचं, आणि सगळे पैसे आधी आपण भरायचे. उत्साहानं आधीच यंत्र घेऊन टाकलं तर अनुदान गेलं. म्हणजे सरकारनं शेतकऱ्याला यांत्रिकीकरणाच्या आधी धीर शिकवायचं ठरवलेलं आहे.

एवढ्यात मामांनी प्रस्ताव मांडला की कागदावरून काय कळतंय, थेट नाभ्याला जाऊन कारखाना बघू. प्रस्तावात तथ्य होतं. नांदेडहून अमृतसरला सचखंड एक्सप्रेस जाते. पंजाब आणि नांदेड यांचं नातं गुरू गोविंदसिंगांपासूनचं, आणि त्या गाडीच्या प्रवाशांना वाटेत लंगरही मिळतो. लंगराचा उल्लेख झाला आणि यादी वाढायला लागली. आधी आबा, मामा आणि मी. मग गुरुजी. मग गुरुजींच्या सौभाग्यवती, कारण सुवर्णमंदिर बघायचं राहिलंय. मग धाकट्या काकांना वाघा सरहद्दीवरचं संचलन. मग काकूंच्या बहिणीला फुलकारीच्या ओढण्या. शेवटी यादी बघितली तर अमृतसरला जाणारे पुष्कळ होते, नाभ्याला वळायला कुणीच तयार नव्हतं. आबांनी बेत रहित केला.

त्यापेक्षा नाभाच आमच्याकडे येत होतं. दर ऑक्टोबरात पंजाबचे ऑपरेटर यंत्रं घेऊन मराठवाड्यात उतरतात, सोयाबीन झालं की विदर्भातल्या धानाकडे जातात. नांदेडला हजूर साहिबला मत्था टेकायचा आणि कामाला लागायचं. आमच्या गावात गेली काही वर्षं येणारे एक वयस्क सरदारजी आहेत. त्यांना आबांनी ओसरीवर बसवून दूध दिलं आणि सगळे कागद त्यांच्यापुढं सरकवले. त्यांनी प्रत्येक कागद मायेनं बघितला आणि दाढी कुरवाळत निकाल दिला, "सारियां ही चंगियां ने जी." सगळीच चांगली.

"आसं कसं? तुम्ही कंच्यावर बसता?"

"मालक जिस पे बिठाए."

मामा खट्टू झाले. पण सरदारजी पुढं जे बोलले त्यानं इतक्या दिवसांचा आमचा अभ्यास निकालात निघाला. त्यांचं म्हणणं असं की यंत्र दिवसा बंद पडत नाही. दिवसा दुकानं उघडी असतात. यंत्र रात्री बंद पडतं, तेही आभाळ भरून आलेलं असताना, आणि तेही परक्या शिवारात जिथं अर्धं रान कापून झालंय आणि मालक डोक्याला हात लावून बांधावर बसलाय. त्या वेळी बेअरिंग नाहीतर बेल्ट घेऊन कोण येतो, एवढंच बघा. पत्र्यावर काय रंगवलंय ते मागाहून बघा.

मला हे मनापासून पटलं. माहितीपत्रकाच्या कुठल्याही रकान्यापेक्षा हा निकष खरा आहे आणि तो तपासायला इंग्रजी लागत नाही. आबांनाही पटला; त्यांनी तो त्याच रात्री तपासायचं ठरवलं. परभणी, लातूर, नांदेड, जिथले जिथले डीलर होते त्यांचे नंबर मी एका कागदावर उतरवून ठेवले होते. जेवणं झाली. आबा घड्याळाकडे बघत बसले. अकरा वाजले तसे म्हणाले, "लाव फोन. वरून सुरू कर."

पहिला फोन बंद. दुसऱ्यावर विठ्ठलाचा अभंग लागला, तो पूर्ण ऐकू आला आणि पुन्हा सुरू झाला. तिसऱ्यानं उचलला आणि घाबऱ्या आवाजात विचारलं, "कोण गेलं?" चौथ्या ठिकाणी एका बाईंनी उचलून सांगितलं की हे झोपलेत, आणि ते झोपलेत हे मागून घोरण्यानं आपणहून कळवलं. पाचव्यानं आमचं सगळं ऐकून घेतलं आणि सकाळी दहा ते सहा या वेळेत तक्रार नोंदवा असं शुद्ध मराठीत सांगितलं. मामा प्रत्येक फोननंतर "म्हटलं नव्हतं?" म्हणत होते, कशाबद्दल ते त्यांचं त्यांनाच ठाऊक.

मग एक फोन दुसऱ्याच घंटेला उचलला गेला. पलीकडून नाव नाही, गाव नाही, थेट प्रश्न आला, "कुठं बंद पडलंय?"

आबा सावध झाले. "रानातच."

"उजवीकडचा बेल्ट गेलाय का डावीकडचा? पोराला गाडीवर धाडतो. इंजिन बंद करून ठिवा. आन् कटर बारात हात घालू नका, अंधार हाय."

आबांनी फोनवर तळहात ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावर इतक्या दिवसांत पहिल्यांदाच समाधान दिसलं. "हेच घ्यायचं," ते कुजबुजले. "ठरलं."

मग त्यांनी फोनवरचा हात काढून त्या माणसाला सांगितलं की बेल्ट आता बसलाय, पोराला उठवू नका, आणि फोन ठेवला.

"पर दाजी, हे कंचं हाय?" मामा म्हणाले. "प्रीत का करतार? का दशमेश?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी कागदाकडे बघितलं. कागदावर नंबर होते, गावं होती. कंपन्यांचा रकाना रिकामा होता. मामांनी लगेच फोन उचलला, पुन्हा लावून विचारायला.

आबांनी तो त्यांच्या हातातून काढून घेतला. "सकाळी इचारू," ते म्हणाले. "आत्ता झोपू दे त्याला. हंगाम तोंडावर हाय."